जुलैत दुधाळ झालेली फिल्म: एस-पीक आणि पीव्हीडीएफच्या मिश्रणाबद्दल

धुळ्याच्या एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींनी विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. सल्फोनेटेड पॉलिइथर इथर कीटोन ८० भाग आणि पीव्हीडीएफ (फ्लोरिन असलेला, पाण्याला दूर ठेवणारा पॉलिमर) २० भाग, दोन्ही डायमिथाइल अ‍ॅसिटामाइडमध्ये विरघळवून त्यांनी काचेवर ओतलं आणि फ्युएल सेलसाठी मेम्ब्रेन, म्हणजे प्रोटॉन पलीकडे जाऊ देणारा पातळ पडदा, तयार केली. पहिल्या पॉलिमरला प्रयोगशाळेत सगळे एस-पीक म्हणतात, मीही तेच लिहितो. मे महिन्यात केलेली फिल्म किंचित धुरकट पण आरपार दिसणारी होती. जाडी ७० मायक्रॉन, भिजवल्यावर कोरड्या वजनाच्या २८ टक्के पाणी घेतलं, प्रोटॉनची वाहकता ०.०३ सिमेन्स प्रति सेंटिमीटर आली. जुलैमध्ये तीच कृती, त्याच बाटल्या, तेच हात, आणि फिल्म दुधासारखी पांढरी. पाणी ४५ टक्के घेते, पण वाहकता ०.००८ वर आली. मार्गदर्शकांचं म्हणणं आहे की पीव्हीडीएफ जास्त झालंय, १० टक्क्यांवर आणा. दोघींचा प्रश्न: प्रमाण कमी करावं का? आणि असं मिश्रण कधी नॅफिऑनच्या, म्हणजे फ्युएल सेलमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या तयार मेम्ब्रेनच्या, तोडीचं होऊ शकतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. प्रमाणाला हात लावू नका. तुमची फिल्म जुलैच्या हवेने बिघडवली आहे.

डायमिथाइल अ‍ॅसिटामाइड हवेतली ओल ओढून घेतं. मे महिन्यात खान्देशातली हवा इतकी कोरडी असते की त्याला ओढायला काही मिळत नाही, शिवाय खोलीच चाळिशीत असते, त्यामुळे द्रावक भराभर उडून जातो. जुलैमध्ये उलटं होतं. द्रावक सावकाश उडतो आणि तेवढ्या वेळात हवेतलं पाणी ओल्या थरात शिरतं. पीव्हीडीएफला पाणी मुळीच चालत नाही. थोडं पाणी आलं की ते द्रावणातून बाहेर पडून गुठळी धरतं, आणि गुठळ्यांच्या मधे सूक्ष्म पोकळ्या राहतात. या पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो, म्हणून फिल्म दुधाळ दिसते. पाणी गाळायच्या सच्छिद्र मेम्ब्रेन बनवणारे लोक हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणतात. तुम्हाला ती नको असताना घडली.

हे खरं आहे का ते पाच मिनिटांत तपासता येतं. कोरड्या फिल्मचा तुकडा छापील कागदावर ठेवा आणि त्यावर ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडा. थेंबाखालची अक्षरं काही सेकंदांत स्वच्छ वाचता आली आणि अल्कोहोल उडाल्यावर तो डाग पुन्हा पांढरा झाला, तर आत पोकळ्या आहेत. अल्कोहोलने त्या भरल्या म्हणून प्रकाश सरळ गेला. थेंबाखाली पांढरेपणा तसाच राहिला, तर तो पीव्हीडीएफच्या स्फटिकांचा किंवा दोन पॉलिमर वेगळे पडल्याचा आहे, आणि तेव्हा प्रमाणाचा विचार करू. तुमच्या आकड्यांवरून मला खात्री आहे की अक्षरं दिसतील.

आकडे काय सांगतात ते बघा. एस-पीकमध्ये ६० टक्के सल्फोनेशन आहे, म्हणजे साखळीतल्या दर शंभर एककांपैकी ६० वर सल्फोनिक आम्ल गट आहे, असं तुम्ही लिहिलंय. पीक म्हणजे सल्फोनेशनआधीचा पॉलिमर; त्याच्या एका एककाचं वजन २८८, एक सल्फोनिक गट लागला की त्यात ८० ची भर. म्हणजे आयन-विनिमय क्षमता (दर ग्रॅममागे किती आम्ल गट) ६०० भागिले ३३६, साधारण १.७९ मिलिइक्विव्हॅलंट प्रति ग्रॅम. त्यात २० टक्के पीव्हीडीएफ मिसळलं की १.४३ उरते. आता पाणी मोजा. २८ टक्के पाणी म्हणजे एका आम्ल गटामागे पाण्याचे सुमारे ११ रेणू. ४५ टक्के म्हणजे सुमारे १७. आम्ल गट तेवढेच, पाणी दीडपट, तरी वाहकता एक चतुर्थांश. याचा अर्थ वाढलेलं पाणी आम्ल गटांजवळ नाहीच. ते पोकळ्यांमध्ये साचलंय.

साक्री तालुक्यातल्या ज्यांनी पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्यातून पाटाने पाणी वाटून घ्यायची जुनी रीत, पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. बंधाऱ्यात पाणी किती आहे याला शेवटच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने फारसा अर्थ नसतो. पाट आणि चाऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, मधे कुठे फुटल्यात का, यावर त्याचं पीक ठरतं. मेम्ब्रेनमध्ये प्रोटॉन पाण्याच्या रेणूंच्या साखळीवरून उड्या मारत किंवा पाण्यासोबत वाहत जातो. साखळी तुटली की पलीकडच्या डबक्याचा त्याला काही उपयोग नाही. माझ्या बावीस वर्षांच्या कामात मिश्रण-मेम्ब्रेनबद्दल मला जे कळलं ते एवढंच आहे की पाणी किती यापेक्षा ते कुठे आहे हे बघायचं. दुसरा पॉलिमर घालायचा तो पाण्याला बांध घालण्यासाठी, आणि बांध घालताना चारी बुजणार नाही याची काळजी घ्यायची.

आता ओतण्याबद्दल, कारण सगळं नशीब तिथे ठरतं. तुमच्या घरी उन्हाळ्यात बिबड्या घालत असतील. ज्वारीचा शिजवलेला घाटा ओल्या हाताने कापडावर पातळ पसरायचा, आणि कडक ऊन लागलं की कडा आधी सुटून वर येतात, मधला भाग ओलाच असतो. जास्त जाड पसरली तर वरून कोरडी दिसते पण दाबली की आत ओल लागते. पॉलिमरची फिल्म अगदी अशीच वागते. म्हणून ओव्हन आधी ७० अंशांवर स्थिर करा, काचेची बशी त्यातच तापू द्या, मग द्रावण ओता. बाहेर टेबलावर ओतून नंतर आत सरकवणं पावसाळ्यात बंद. बशी समतल आहे का ते स्पिरिट लेव्हलने पाहा, दोन्ही दिशांनी. बशीवर काचेचं झाकण थोडी फट ठेवून ठेवा, म्हणजे वरच्या थरावर साय धरणार नाही. ७० अंशांवर एक रात्र, मग १०० ते १२० अंशांवर निर्वात ओव्हनमध्ये निदान दिवसभर. हा द्रावक १६५ अंशांना उकळतो, तो सहज सोडत नाही, आणि सल्फोनिक गटांना धरून बसला तर वाहकता खातो. द्रावक डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) असेल तर आणखी सांभाळा, गरम आम्लासोबत ते फुटून डायमिथाइल अमाइन देतं आणि तुमचे आम्ल गट त्यातच खर्च होतात.

वीज गेली तर? पावसाळ्यात आपल्याकडे ती जातेच. ओव्हनचं दार उघडू नका. आत उष्णता तासभर तरी टिकते. शक्य असेल तर बशीशेजारी कोरड्या सिलिका जेलची एक वाटी ठेवा. द्रावक आणि पॉलिमर आधी वाळवलेले हवेत हे वेगळं सांगत नाही.

किती ओतायचं याचा हिशेब अंदाजाने करू नका. १० सेंटिमीटर व्यासाच्या बशीचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. ८० मायक्रॉन जाडी हवी तर आकारमान ०.६३ घन सेंटिमीटर, या मिश्रणाची घनता १.४ च्या आसपास धरली तर ०.९ ग्रॅम पॉलिमर, म्हणजे १० टक्क्यांच्या द्रावणाचे ९ मिलिलिटर. फिल्म निघाल्यावर पाच ठिकाणी मायक्रोमीटर लावा. ओतलेल्या वजनावरून निघते त्यापेक्षा जाडी बरीच जास्त आली, तर तीही पोकळ्यांचीच खूण.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुमचे हे दोन पॉलिमर एकमेकांचे सोबती नाहीत. बहुतेक पॉलिमर एकमेकांत मिसळतच नाहीत. लहान रेणू मिसळले की अव्यवस्था वाढते आणि निसर्गाला ती हवी असते, पण लांबलचक साखळ्यांना मिसळून असा फायदा फारच कमी मिळतो. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात विचारा. पॉलिप्रॉपिलीनच्या दाण्यात पॉलिएथिलीनचं भंगार जास्त गेलं की ओढताना धागा तुटतो. दोन्ही दिसायला सारखे, दोन्ही नुसते कार्बन-हायड्रोजन, तरी एकत्र नांदत नाहीत. मिश्रण टिकायचं तर दोघांमध्ये काहीतरी ओढ लागते: हायड्रोजन बंध, किंवा त्याहून घट्ट म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांची जोडी. जर्मनीत स्टुटगार्टला संशोधक योखेन केरेस यांनी याच जोडीवर वर्षानुवर्षं काम केलं. सल्फोनेटेड पॉलिमरमध्ये पॉलिबेन्झिमिडॅझोल थोडंसं घालायचं, त्यातला नायट्रोजन आम्लाचा प्रोटॉन घेतो आणि दोन साखळ्या आयनिक गाठीने बांधल्या जातात. फुगणं आवरतं आणि ताकद येते. पण प्रत्येक गाठ एक आम्ल गट खाते, म्हणून ५ टक्क्यांपासून सुरुवात करायची. आणि आम्ल रूपातलं एस-पीक थेट त्याच्या द्रावणात ओतलंत तर भांड्यातच चोथा होईल. आधी एस-पीक सोडियम रूपात आणायचं, मिसळायचं, ओतायचं, आणि फिल्म झाल्यावर आम्लात ठेवून गाठी पाडायच्या. पीव्हीडीएफशी एस-पीकची अशी गाठ पडत नाही. ते नुसतं भिंतीसारखं उभं राहून फुगणं रोखतं. हे वाईट नाही, पण भिंत नीट वाटली गेली तरच. म्हणून वाळवण्याची एवढी काळजी.

याच कारणाने फिल्मच्या दोन्ही बाजू तपासा. फ्लोरिन असलेल्या साखळ्यांना हवेकडे जायला आवडतं. काचेकडच्या आणि हवेकडच्या बाजूवर पाण्याचा एकेक थेंब ठेवून बाजूने बघा. हवेकडचा थेंब स्पष्टपणे गोलसर उभा राहिला, तर तिथे पीव्हीडीएफची पातळ कातडी झालीय, आणि जाडीच्या दिशेने प्रोटॉनला ती अडवणार. पृष्ठभागावरून मोजलेली वाहकता हे लपवते. फ्युएल सेलमध्ये प्रोटॉन जाडीतून जातो, तेव्हा तीच मोजा.

मे महिन्याच्या फिल्मबद्दलही एक शंका आहे. तुम्ही एस-पीक स्वतः बनवलंत आणि 'कक्ष तापमानाला ४८ तास' असं लिहिलंत. युरोपातल्या शोधनिबंधातलं कक्ष तापमान २० ते २५ अंश असतं. भुसावळ-जळगावचा मे ४५ ओलांडतो, आणि धुळ्यात बंद खोलीत फारसं वेगळं नसतं. सल्फ्युरिक आम्लातली ही क्रिया तापमानाला फार संवेदनशील आहे. जानेवारीतली बॅच आणि मेमधली बॅच सारखी निघणार नाही. यावर माझा उपाय सोपा आहे: खोलीपेक्षा वरचं तापमान धरा. ५० अंशांचं वॉटर बाथ ठेवलं की बाहेर ऊन असो की थंडी, आत फरक पडत नाही. क्रिया काही तासांत आटोपते, दर तासाला ५ मिलिलिटर काढून बर्फाच्या पाण्यात सोडा आणि अनुमापनाने, म्हणजे मोजून अल्कली घालत आम्ल किती ते काढून, बघा सल्फोनेशन कुठवर आलं. आम्ल नेहमी बर्फाच्या पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही, आणि तोंडावर शील्ड हवी.

अनुमापन फिल्मवरही करा. अर्धा ग्रॅम कोरडी फिल्म १ मोलर मिठाच्या पाण्यात चोवीस तास ठेवा, सगळं पाणी घेऊन ०.०५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने फिनॉल्फ्थॅलिनवर मोजा. १.४३ क्षमतेला १४.३ मिलिलिटर लागायला हवेत. ११-१२ लागले तर काही आम्ल गट पीव्हीडीएफच्या आत कोंडले गेलेत किंवा कुणीतरी त्यांची जागा घेतलीय. १७-१८ लागले तर तुमचं एस-पीक ६० टक्क्यांचं नाहीच, ८० च्या घरात आहे, आणि मग ते गरम पाण्यात फुगून लिबलिबीत होईल.

'कुणीतरी जागा घेतलीय' हे मी भोगलंय. एका प्रयोगशाळेत डिआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं पाणी बनवणारा संच बंद पडला होता आणि आम्ही फिल्म बोअरच्या पाण्याने धुत होतो. शेवटचं खळबळणं फक्त चांगल्या पाण्याचं. चार महिने वाहकता खाली खाली जात राहिली. आम्ही पॉलिमर बदलला, प्रमाण बदललं, ओव्हन बदलला. एक दिवस मी फिल्मचा तुकडा पोर्सेलीनच्या मुशीत घालून मफल भट्टीत जाळला. आम्ल रूपातली फिल्म जळली की मागे जवळजवळ काही राहायला नको. मुशीच्या तळाशी पांढरी, भुरभुरीत राख होती. कॅल्शियम सल्फेट. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमने दोन-दोन आम्ल गटांना एकत्र धरून प्रोटॉन हाकलून दिला होता. तापी खोऱ्यातलं बरंच बोअरचं पाणी जड आहे, किटलीतला थर बघितला तरी कळतं. त्यामुळे धुणं सगळंच डिआयोनाइज्ड पाण्याने. फिल्म आम्ल रूपात आणताना कॅल्शियमची शंका असेल तर सल्फ्युरिक आम्ल वापरू नका, कॅल्शियम सल्फेट त्यात नीट विरघळत नाही. १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवा, मग धुवा, आणि धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरेपणा येणं थांबेपर्यंत धुत राहा.

पाण्याचं वजन घेतानाही हवा आडवी येते. मे महिन्यात ओली फिल्म टिपून तराजूवर ठेवली की आकडा डोळ्यांदेखत उतरत जातो, आणि जुलैमध्ये कोरड्या फिल्मचा चढत जातो. बंद झाकणाच्या वजन-कुपीत ठेवूनच मोजा, नाहीतर २८ आणि ४५ या आकड्यांमध्ये ऋतूचाही वाटा धरावा लागेल.

आता नॅफिऑन. ११७ या नावात ११ म्हणजे १,१०० समतुल्य वजन (एक मोल आम्ल गटांमागे पॉलिमरचे ग्रॅम) आणि ७ म्हणजे इंचाचे सात हजारांश, सुमारे १७८ मायक्रॉन. त्याची आयन-विनिमय क्षमता ०.९१, तुमच्या एस-पीकच्या निम्मी. तरी पूर्ण भिजल्यावर वाहकता ०.१ च्या आसपास. कारण पुन्हा पाटांचंच आहे. टेफ्लॉनसारखा पाण्याला दूर ठेवणारा कणा आणि लोंबत्या साखळीच्या टोकाला अतिशय तीव्र आम्ल, यामुळे पाण्याच्या वाटा रुंद आणि सलग पडतात. एस-पीकचा कणा कडक आणि पाण्यापासून तितका वेगळा न राहणारा, म्हणून वाटा अरुंद, फाटे जास्त, काही फाटे पुढे बंद. स्टुटगार्टच्याच क्रॉयर यांनी २००१ साली हे नीट मांडलं.

तेव्हा वाहकतेच्या आकड्यात नॅफिऑनला गाठायला जाऊ नका. सेलला वाहकता कळत नाही, त्याला दर चौरस सेंटिमीटरचा रोध कळतो, म्हणजे जाडी भागिले वाहकता. नॅफिऑन ११७ चा रोध ०.०१७८ भागिले ०.१, सुमारे ०.१८ ओहम चौरस सेंटिमीटर. तुमची मेमधली फिल्म ७० मायक्रॉनला ०.२३. तीच ५० मायक्रॉनची केलीत तर ०.१७. म्हणजे तीन पट कमी वाहकतेची फिल्म पातळपणाच्या जोरावर ११७ च्या बरोबरीला येते! ५० मायक्रॉनचं नॅफिऑनही मिळतं, त्याच्यापुढे ती मागेच पडेल, हेही प्रबंधात लिहा. पण मिथेनॉलवर चालणाऱ्या सेलसाठी पातळ नॅफिऑन मिथेनॉल आरपार सोडतं, आणि तिथे एस-पीकच्या अरुंद वाटा गुण ठरतात. तुमच्या मिश्रणाची खरी जागा ती आहे, असं मला वाटतं. पीव्हीडीएफचं काम फिल्मला पातळ असूनही उभं ठेवायचं. एक मात्र टाळा: प्रस्तावनेत 'फ्लोरिनमुक्त पर्याय' असं लिहू नका. पीव्हीडीएफमध्ये फ्लोरिनच आहे, आणि २०२३ मध्ये युरोपात फ्लोरिनयुक्त रसायनांवर निर्बंधांचा जो प्रस्ताव आला त्याच्या व्याख्येत तेही बसतं.

इतका लहान रोध मोजताना तारांचा आणि संपर्काचा रोध त्यात मिसळतो. एक, दोन, तीन फिल्म एकावर एक ठेवून मोजा आणि आलेखाचा उतार घ्या. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो तारांचा वाटा, तो टाकून द्या.

जुलैची फिल्म हायड्रोजनच्या सेलमध्ये मुळीच लावू नका. पोकळ्या सलग असतील तर हायड्रोजन पलीकडे जाऊन प्लॅटिनमवर ऑक्सिजनशी पेटतो, तिथे डाग तापतो आणि फिल्म भोकाळते. सैद्धांतिक व्होल्टेज १.२३ असतं, चांगल्या सेलचं उघडं व्होल्टेज (भार न जोडता मोजलेलं) ०.९५ ते १ च्या दरम्यान मिळतं. त्याहून बरंच खाली आलं की वायू गळतोय समजा आणि लगेच बंद करा. नवीन प्रत्येक फिल्म आधी अशी पारखा: भिजवलेली फिल्म दोन रबरी रिंगांमध्ये आवळा, वर थोडं पाणी, खालून माशांच्या टाकीच्या पंपाची हवा. दहा मिनिटं एकही बुडबुडा नको.

मेमधल्या फिल्मचा तुकडा शिल्लक असेल तर तो संपवू नका. तो आणि जुलैचा, दोन्हींचं डीएससी (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणारी चाचणी) एकाच दिवशी, एकाच वेगाने करून घ्या. १७० अंशांच्या आसपास पीव्हीडीएफ वितळण्याचं शिखर दिसेल. दोन्ही शिखरांखालचं क्षेत्रफळ जवळपास सारखं आलं तर स्फटिकपणा तेवढाच आहे आणि दोष पोकळ्यांचा. हा आलेख आणि अल्कोहोलच्या थेंबाचे दोन फोटो मार्गदर्शकांपुढे ठेवा, प्रमाणाची चर्चा त्यानंतर करा.